बंपरवरचे दाजीसाहेब

कोरटगाव बाजार समितीचे सभापती दाजीसाहेब आपली जीप स्वतः चालवायचे आणि मागं न बघता रिव्हर्स घ्यायचे. मागं बघणं म्हणे त्यांच्या पदाला शोभत नव्हतं! त्यामुळे रोज सकाळी जीप कशावर तरी आदळूनच थांबे, आणि मागं नेमकी सरूबाई धायगुडेची कोथिंबिरीची पिकअप उभी असे. तिच्या मागच्या बंपरचा पार पापड झाला होता.

सरूबाईनं नवा बंपर बसवला आणि हात जोडले. "साहेब, एवढा तरी जपा."

"अगं, बंपर असतोच ठोकर खायला! त्यात काय बिघडतं?"

"तेही खरंच," म्हणत सरूबाई गेली.

दाजीसाहेबांचा वाढदिवस नुकताच झालेला. उतरवलेले फ्लेक्स लोक भाजीवर झाकायला नेतात, तसा तिनंही एक नेला होता. त्यातलं फेटा बांधलेलं हसरं तोंड तेवढं कापून तिनं बंपरवर ताणून बांधलं.

सकाळी दाजीसाहेब लालबुंद. "माझं तोंड बंपरवर? कुणी ठोकलं म्हणजे?"

"त्यात काय बिघडतं, साहेब? बंपर असतोच ठोकर खायला. आणि अख्ख्या बाजारात न बघता ठोकणारा एकच आहे. त्याला तेवढं तुम्ही समजावा."

बाजार खो-खो हसला. फोटो फाडावा, तर चारचौघांत स्वतःचंच तोंड फाडायचं!

आता जीपला ड्रायव्हर आहे. दाजीसाहेब रोज खाली उतरतात, बंपरला पाठ लावून उभे राहतात आणि हात हलवत ओरडतात, "येऊ दे, येऊ दे... अरे बास, नाकाला लागंल!"