लाखेतला ठसा

त्या वनात सगळेच ढोलीत राहत, आणि ढोली कोरता मात्र कोणालाच येत नसे. म्हणून नदीपलीकडून सुतारपक्षी बोलावले जात, एका वर्षाच्या परवान्यावर. आल्या दिवशी मऊ लाखेत चोच मुळापर्यंत दाबून त्यांचा ठसा घेत. मग दर वर्षी त्याच ठशात पुन्हा चोच घालायची. नेमकी बसली तर आणखी एक वर्ष मुक्काम, हलली तर सूर्य मावळायच्या आत नदीपार.

केरबा सुतारपक्ष्याचं हे सातवं वर्ष. यंदा त्याच्या ढोलीत तीन अंडी होती. ती उबवणारी त्याची बायको तानी त्याच्याच परवान्यावर राहत होती. केरबा गेला की तिलाही जावं लागणार. अंडी काही नदीपार नेता येत नाहीत.

यंदा चोच झिजली होती, हे केरबाला ठाऊक होतं. साग, बाभूळ, जे समोर येईल ते कोरलं होतं, झिजणारच. पण बोलायचं कोणाशी? तारीख जवळ आली की सुतारपक्षी एकमेकांकडे पाठ करून बसत, न जाणो कोण कोणाच्या चोचीची लांबी वर कळवील. शेवटी त्याने आपल्या परीने युक्ती काढली. पंधरा दिवस काम बंद ठेवायचं, नुसती पिकली उंबरं खायची, म्हणजे चोच थोडी वाढेल.

तिसऱ्याच दिवशी शेजारच्या साळुंकीने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय हो केरबा, ठोकण्याचा आवाज नाही हल्ली. काम सुटलं की काय?"

काम सुटलेल्याचा परवाना तिथल्या तिथे रद्द होई. केरबा तडक उठला आणि गरज नसताना दिवसभर एक वाळका बुंधा ठोकत बसला.

"तुमची टकटक ऐकली की माझा जीव भांड्यात पडतो," संध्याकाळी तानी म्हणाली. चोच आणखी थोडी झिजली होती, ते त्याने तिला सांगितलं नाही.

परवान्याच्या ढोलीत पिंगळा बसे. तारखेच्या दिवशी त्याने ठशाची लाख पुढे सरकवली. केरबाने डोळे मिटून चोच आत घातली. ती हलली.

"अर्ध्या बोटाने आखूड," पिंगळा म्हणाला. "तू केरबा नाहीस."

"मीच तो, साहेब. कामाने झिजली."

"सगळे हेच सांगतात. मग ज्याने ठसा दिला तो केरबा कुठे आहे? त्याचं काय केलंस?"

क्षणभर केरबाला स्वतःचीच शंका आली. मग त्याची नजर दाराच्या कडेला गेली. ही ढोली त्यानेच गेल्या वर्षी, परवाना वाढवून मिळताच, कोरली होती. जागा नक्की करताना त्याने चोच मुळापर्यंत रुतवली होती, ते भोक अजून तिथे होतं.

"ते मापून बघा, साहेब," तो म्हणाला. फार दिवसांनी त्याला हायसं वाटलं.

पिंगळ्याने गवताची काडी आधी भोकात घातली, मग लाखेत. तंतोतंत. त्याने काडी जपून बाजूला ठेवली. मग त्याने शिपाई घुबडाला हाक मारली.

"खरा केरबा इथपर्यंत आला होता, याचा पुरावा मिळाला. त्यानंतर तो कोणाला दिसलेला नाही. चौकशी होईपर्यंत याला सोडायचं नाही."

घुबडाने अडचण सांगितली. कोंडून ठेवायला रिकामी ढोली नव्हती.

पिंगळ्याने समोरच्या चिंचेच्या बुंध्यावर एक जागा दाखवली. "दार लहान ठेव," तो केरबाला म्हणाला.

चार झाडं पलीकडे तानी सकाळपासून कान देऊन बसली होती. दुपार कलली तेव्हा चिंचेकडून ओळखीची टकटक सुरू झाली. तिचा जीव भांड्यात पडला. तिने पंख सैल सोडले आणि अंडी पोटाखाली नीट सरकवून घेतली.