साळिंदराचा डाव

माणसं रानात यायच्या आधीची गोष्ट. नदीच्या अलीकडची हरणं आणि पलीकडची रानडुकरं दरवर्षी बेलफळाच्या चेंडूने सामना खेळत. जो काठ जिंकेल, त्याला बेटावरचं कुरण आणि तिथली जांभळं मिळत. हरणं नेहमीच हरत, म्हणून त्यांनी साळिंदराला शिकवायला बोलावलं.

"गोल करायला धावू नका," साळिंदर म्हणालं. "चेंडू आपसातच फिरवा. डुकरांना पळू द्या."

सामना सुरू झाला आणि हरणांच्या बाजूने बसलेली माकडं खवळली. "धावणाऱ्या हरणांना चालायला लावलंस? लाज नाही वाटत?" म्होरक्या हुप्प्या ओरडला.

"जरा दम धरा, मामा. डुकरं थकू लागलीत."

"आमची जांभळं गेली की दम धरू," असं म्हणत हुप्प्या सगळ्या टोळीसकट मैदानात घुसला. साळिंदराला दगड मारून हाकलेपर्यंत त्यांनी खेळ बंद पाडला. धापा टाकणारी डुकरं तोवर नदीत मनसोक्त डुंबली, ताजीतवानी होऊन परतली आणि त्यांनी हरणांचा धुव्वा उडवला.

"बघितलंत?" हुप्प्या दात खात म्हणाला. "त्याचा डाव फसणार, हे आम्ही आधीपासून सांगत होतो."