वर्षभराचा आशीर्वाद

एकदा एक शिष्या आपल्या गुरूंकडे आली, ती आंबलेल्या चक्क्याचं पातेलं आणि शांत मन घेऊन. पातेल्याची तिला लाज वाटत होती. मनाचा मात्र अभिमान होता.

शिष्येचं नाव कुमुद. घरी श्रीखंड करून विकणं हा तिचा व्यवसाय. पूर्वी ती एका खानावळीत पोळ्या लाटायची आणि वर मालकिणीची बोलणी खायची. मग हातातल्या बांगड्या मोडून तिने मोठा फ्रिज घेतला, तेव्हा कुठे त्या तव्यापासून सुटली. गुरू म्हणजे आबाशास्त्री, शाळेतून निवृत्त झालेले संस्कृतचे शिक्षक. दर गुरुवारी देवळाच्या सभामंडपात त्यांचं निरूपण चाले. आबांचा शब्द फळतो अशी गावाची दृढ समजूत होती. बारसं असो की दुकान, त्यांच्या आशीर्वादावाचून नारळ फुटत नसे. आबा स्वतः या समजुतीला हसत, पण गाव ऐकेल तर ना!

"काय गं, हे काय आणलंस?" आबांनी विचारलं.

"वाया गेलेला चक्का, आबा. फ्रिज गारच होत नाही. आतला गॅस गळतोय म्हणे. दिवाळीपासून मी दुकानात सांगतेय. त्यांचा माणूस यायचा, फ्रिजला दोन थापट्या मारायचा आणि 'चालतोय की, वापरा' म्हणून जायचा. आता वर्ष उलटलं, वॉरंटी संपली आणि फ्रिजने मान टाकली. माणिकशेठकडे गेले तर म्हणाले, 'ताई, मुदत संपली. नियम आहे, मी तरी काय करणार? नशीब म्हणायचं.'"

"मग तू काय म्हणालीस?"

"काहीच नाही." कुमुदचा चेहरा उजळला. "तुमचं क्षमेवरचं निरूपण आठवलं. शेठना मनातल्या मनात क्षमा केली, नमस्कार केला आणि परत आले. वावगा शब्द काढला नाही, आबा."

आता शाबासकी मिळणार, असं तिला वाटलं. आबा पातेल्याकडे बघत होते.

"आणि लग्नसराईचं श्रीखंड?"

"ऑर्डरी परत कराव्या लागतील. खानावळीच्या बाई म्हणाल्यात, केव्हाही ये, जागा आहे."

"मूर्ख मुली!" आबा कडाडले. देवळातल्या चारदोन बायका वळून बघू लागल्या. "आणि हे तू माझ्या नावावर खपवतेस? परवा अक्षय्य तृतीया. माणिकशेठ नवं दुकान उघडतोय, मला बोलावणं आहे. तूही यायचंस. आता जा."

कुमुद रडतच घरी गेली. आबांचा तिला मनस्वी राग आला. एवढं मन मारून शांत राहायचं आणि वर ही बोलणी! तणतणतच तिने फ्रिज उघडला आणि आंबट वासाचा भपकारा नाकात गेला. तशी ती जागीच थबकली. राग आबांवरचा नव्हताच. दिवाळीपासून तो इथेच साठत होता.

अक्षय्य तृतीयेला नव्या दुकानापुढे मांडव पडला. सनई लागली, पेढ्यांची ताटं आली. दाराशी एक कोरा करकरीत फ्रिज हार घालून उभा केला होता, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. माणिकशेठची म्हातारी आई आरतीचं तबक घेऊन उभी होती. नारळ फुटला. शेठ सर्वांदेखत आबांच्या पायाशी वाकले.

आबांनी मस्तकावर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "तुझ्या या दुकानाची भरभराट होवो. एक वर्षभर."

सनई वाजतच होती, पण माणसं एकमेकांकडे बघू लागली. शेठ कसनुसे हसले. "आबा, आजचा दिवस अक्षय्य. आशीर्वादही अक्षय्य द्या की!"

"वर्षभराचा दिला ना? त्याच्या आत काही बिघडलं तर मी जबाबदार. वर्षानंतर मात्र माझ्या दारी यायचं नाही. मुदत संपलेली असेल. नियम आहे, मी तरी काय करणार? नशीब म्हणायचं."

"अगंबाई! शुभ दिवशी काय हे अभद्र!" शेठची आई कळवळली.

"अभद्र कसं, आई? तुमच्याच दुकानातलं वाक्य आहे. चिरंजीवांना विचारा."

शेठनी मान वर केली आणि आबांच्या मागे उभी असलेली कुमुद त्यांना दिसली. चेहरा पडला. चटकन पुढे होत ते हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, जरा बाजूला या ना. उद्यापरवा माणूस पाठवतो. बघू काय होतं ते."

कुमुदने आबांकडे पाहिलं. आबा खुशाल पेढा खात होते. म्हातारा आता तोंड उघडणार नाही, हे तिने ओळखलं. 'बरं' हा शब्द सवयीने तिच्या ओठांवर आला. आणि नाकात तो आंबट वास आला.

"बाजूला नको, शेठ. इथेच बोलू," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण मांडवाच्या टोकापर्यंत गेला. "फ्रिज वर्षाच्या आत बिघडला. मी वर्षाच्या आत सांगितलं. तुम्ही थापट्या मारून दिवस ढकललेत. मुदत संपली नाही, तुम्ही संपवलीत. आणि वर माझ्या नशिबाला बोल लावलात! माणूस पाठवू नका. फ्रिज बदलून द्या. आज. उद्यापासून माझं श्रीखंड आहे."

"अहो, पण आज नव्या दुकानाची भवानी व्हायचीय," शेठ चाचरले. "पहिलीच वस्तू फुकट बाहेर गेली तर..."

"फुकट?" कुमुद उसळली. "माझ्या हातात बांगड्या दिसतात का तुम्हाला? त्या याच फ्रिजपायी गेल्या. किंमत तुम्हाला केव्हाच पोचलीय!"

तेवढ्यात शेठची आई पुढे आली. तिने एकवार कुमुदचे ओकेबोके हात पाहिले, तबक खाली ठेवलं आणि दाराशी उभ्या असलेल्या फ्रिजचा हार स्वतःच्या हाताने काढला. "माणक्या," ती म्हणाली, "हा टेम्पोत चढव."

जुना फ्रिज दुकानात परत आणायचं ठरलं आणि नवा टेम्पोत चढला. टेम्पो पुढे, मागून गुरू-शिष्या चालत निघाली. वाटेत आबा म्हणाले, "तू त्याला क्षमा केली नव्हतीस, कुमुद. तू भ्यालीस. भीतीला क्षमेचं लुगडं नेसवलं की ती फार सोज्वळ दिसते, आणि लबाडाला तर ती फारच आवडते. अगं, ज्याला 'नाही' म्हणता येतं, त्याच्याच 'असू दे'ला मोल. आधी आपलं मागावं. नंतर क्षमा करायची की नाही, ते आपल्या हाती."

मग कुमुदने विचारलं, "आणि आबा, शेठना खरंच वर्षभराचाच आशीर्वाद?"

"छे गं! तोंडाने वर्ष म्हटलं, मनात अक्षय्यच होतं. आशीर्वादाला कुठं मुदत असते?" आबा हसले. "पण त्याला एवढ्यात सांगू नकोस हं. जरा झोप उडू दे."

दुसऱ्या दिवशी नव्या फ्रिजमधलं गारेगार श्रीखंड तयार झालं. देवाला नैवेद्य दाखवून झाल्यावर पहिला डबा कुमुदने स्वतः माणिकशेठच्या दुकानात नेला. शेठ ओशाळून उभे राहिले. या वेळी तिने खरोखरच क्षमा केली होती, पण मान खाली घातली नव्हती.

डबा त्यांच्यापुढे ठेवून ती म्हणाली, "आंबट लागलं तर सांगा, शेठ. मी नियम दाखवणार नाही."