वाकड्या सांध्यांची भिंत

"पोरांना कळायला नको हं," हैबतीमास्तर म्हणाले. म्हणाले ते हातातल्या रंध्याला. पडवीत दुसरं कुणी नव्हतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. दाराआड त्यांची नवी सून मंजुळा चहाचा पेला घेऊन उभी होती, आणि नव्या सुनेने दाराआडून ऐकलेलं ऐकलंच नाही असं धरायचं असतं.

ही फार वर्षांपूर्वीची गोष्ट. आंबेदऱ्यात तेव्हा हायस्कूल नुकतंच आलं होतं. नववी-दहावीच्या पोरांच्या हाताला एखादं कसब असावं म्हणून सुतारकामाचा तास सुरू झाला, आणि शाळेला जागा नव्हती म्हणून तो भरायचा मास्तरांच्या पडवीत. मास्तर असे, की त्यांचा हात लागला आणि पडवीसमोरच्या वाळक्या बाभळीला पालवी फुटली, असं म्हणतात. त्यांनी केलेल्या पाळण्यात रडकं मूल ठेवलं की दोरी न ओढता झोपायचं, असंही म्हणतात. पोरांवर त्यांचा भारी जीव. कुणाला कधी वावगा शब्द बोलले नाहीत. तिथंच तर सगळं चुकलं.

पोरं दुपारभर ठोकाठोकी करायची. पाट डुगडुगायचे, चौकटी तिरक्या व्हायच्या. पोरं घरी गेली की सांजवेळी मास्तर एकेक काम उचलायचे. इथे पटाशीने थोडं कोरायचं, तिथे एक पाचर मारायची, वरून रंधा फिरवायचा. दुसऱ्या दिवशी पोरं येऊन बघतात तो काय, सगळं काटकोनात!

"मास्तरांच्या पडवीत लाकूड रात्रीतून आपोआप सरळ होतं," गेनू सगळ्यांना सांगायचा. वर्गात सगळ्यात हौशी तोच. "देवाची कृपा आहे ह्या जागेवर."

"मग ठोकत कशाला बसतोस? नुसता ओंडका ठेव अन् जा घरी!" सदू त्याला चिडवायचा.

सगळे हसायचे. मंजुळाही पदराआड हसायची. चष्मा लावून, कंबर धरून वाकलेली ही देवाची कृपा ती रोज सांजवेळी बघत होती ना! पण सासऱ्यांसमोर तोंड उघडायची रीत नव्हती. शिवाय हैबतीमास्तरांनी सून आणली की मुकी बाहुली, असं शेजारणींनी आधीच ठरवून टाकलं होतं.

पोरांच्या कामाची कीर्ती पंचक्रोशीत गेली. त्या वर्षी भैरोबाच्या रथाचं एक चाक झिजलं, तेव्हा नवं चाक हायस्कुलाच्या पोरांनीच करायचं असं गावाने ठरवलं. पोरांच्या छात्या फुगल्या. आणि नेमका जत्रेच्या तोंडावर मास्तरांचा उजवा हात लुळा पडला. वैद्य झाले, लेप झाले, पण बोटं काही मिटेनात.

चाक पोरांनी एकट्यांनी केलं. आरे घडवले, मधल्या तुंब्यात बसवले. आरे जरा सैल बसले.

"असू दे," गेनू म्हणाला. "सकाळपर्यंत बसतील घट्ट."

मास्तर खाटेवरून ऐकत होते. त्यांनी लुळा हात गोधडीखाली ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. मंजुळाचे ओठ हलले आणि मिटले.

जत्रेला रथ निघाला. वेशीपाशी आला आणि चाक करकरलं. एकेक आरा सुटत गेला, रथ कलला. माणसांनी खांदे लावले म्हणून देव वाचला. कुणाला खरचटलंदेखील नाही. पण आजवर कधी न अडलेला रथ अडला. त्या क्षणी सनईतून सूर निघेना आणि मास्तरांच्या बाभळीची सगळी पानं एकदम गळली, असं म्हणतात.

"कसली शाळा अन् कसलं काय!" गावचे कारभारी पांडातात्या कडाडले. "एक चाक जमेना कार्ट्यांना. मास्तरांचं नाव घालवलंत रे!"

"आमचं काम तर रोज सरळ व्हायचं..." गेनू एवढंच पुटपुटला. कमरेला खोचलेली पटाशी त्याने सुटलेल्या आऱ्यांशेजारी ठेवली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला. पुढचं ऐकायला तो थांबला नाही. गावही त्याने सोडलं, आणि पुन्हा कधी लाकडाला हात लावला नाही, असं म्हणतात. हे मात्र लोक जरा हळू आवाजात म्हणतात.

आज आंबेदऱ्याच्या हायस्कुलात मोठी शेड आहे. मुलंमुली सुतारकाम शिकतात, वायरिंग शिकतात, वेल्डिंग शिकतात. प्रत्येकाचं पहिलं काम जसं होईल तसं भिंतीवर टांगतात, खाली नाव लिहून. शिक्षकांनी त्याला बोटही लावायचं नाही. वर्ष सरताना ज्याने त्याने आपलं काम उतरवायचं, कुठे चुकलं ते सगळ्यांसमोर सांगायचं आणि मगच नवं करायला घ्यायचं. त्या भिंतीला हैबतीमास्तरांची भिंत म्हणतात. तिच्यावर सगळ्यात वर एक खिळा आहे, तो कायम रिकामा. तो गेनूचा.

ही रीत पडली ती वेशीवरच्या त्याच दुपारी. मास्तर सुनेच्या आधाराने तिथवर आले होते. आले ते धुळीत बसले, सोबत आणलेला रंधा डाव्या हाताने धरला आणि म्हणू लागले, "आणा रे इकडे, मी करतो नीट." रंधा घसरत होता. पोरं माना खाली घालून उभी होती. तेव्हा मंजुळा पुढे झाली. गावाने तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. कापत होता, असं म्हणतात.

"मामंजी, ठेवा तो खाली," ती म्हणाली, आणि पोरांकडे वळली. "लाकूड कधीच आपोआप सरळ झालं नाही रे. तुम्ही घरी गेल्यावर मामंजीच ते सरळ करत बसायचे. या, बसा इथे. कुठे सैल राहिलंय ते आता तुमच्या डोळ्यांनी बघा. आणि कुणीतरी पळा, गेनूला हाक मारा."