इंजिन बंद ठेवा

"पण भंतेजी, सांगून सांगून माणूस ऐकतच नसेल, तर काय करायचं त्याचं?"

वाघचौरेसाहेब विहारात टेकायच्या आत बोलले. भिंतीपलीकडे मोठा विमानतळ. तिथला धूर कमी करायचं काम ह्यांच्याकडे, आणि ते त्यांनी जीव ओतून केलं होतं, खोटं कशाला बोला! सामान ओढणारी वाहनं बॅटरीवर आणली. जागोजागी पाट्या लावल्या : उभ्या गाडीचं इंजिन बंद ठेवा. हवा सुधारली, तसे साहेबही जरा फुगले.

राहिला एक सोपान गरुड. विमानापर्यंत प्रवासी नेणाऱ्या बसचा ड्रायव्हर. इंजिन चालू ठेवून उभा असताना तिसऱ्यांदा सापडला होता. त्याला कामावरून काढायच्या कागदावर साहेबांची सही तेवढी बाकी होती.

भंतेजी ऐंशीच्या घरातले. सावकाश म्हणाले, "केली नाहीस अजून सही?"

"हात धजत नाही. दोन लेकरं आहेत त्याला... तुम्ही एकदा हो म्हणा."

"इंजिन का चालू ठेवतो तो?"

"एसी हवा ना राजेसाहेबांना! विमान येईपर्यंत थंडगार बसायचं असतं."

"तुझी गाडी कुठंय?"

"बाहेर. इंजिन बंद करून," साहेब तोऱ्यात म्हणाले.

"चल, बसू तिच्यात."

वैशाखातली दुपार. गाडी तव्यासारखी तापलेली. दोघं आत बसले. भंतेजींनी दार ओढून घेतलं.

"काच खाली करू?"

"सोपानच्या बसची होते?"

"...नाही. पक्क्या बसवल्यात."

पाच मिनिटं गेली... दहा गेली. भंतेजींच्या कपाळावरून घाम ओघळला, ओठ सुकले. तरी म्हातारा आपला शांत, डोळे मिटून. अहो, ज्यानं पोरवयात साहेबांचा हात धरून अक्षरं गिरवायला लावली, तो माणूस शेजारी उकडून निघत होता!

"भंतेजी, बास झालं. तुम्हाला काही झालं तर..."

भंतेजींनी डोळे उघडले नाहीत.

साहेबांनी किल्ली फिरवली. इंजिन घुरघुरलं. गार वारा सुटला.

साहेब स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. किल्लीवरून तो निघेना.

"विमानं ठेवायला हँगर आहेत आमच्याकडे," ते म्हणाले. "ड्रायव्हरांना सावलीला एक पत्रा नाही. कसं दिसलं नाही हो मला?"

भंतेजींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

साहेबांनी इंजिन बंद केलं, दारं उघडली. खांद्यावरच्या पिशवीतून तो कागद काढला आणि फाडून टाकला.

"शेडचं काम उद्याच धरतो. पण आज सोपानला काय सांगू, भंतेजी?"

"सांगू नकोस काही. पाणी प्यायलास का, एवढं विचार."