पाठ आणि पोट

"...मग मला वाड्यांवर प्रवचनाला कधी पाठवणार, ब्रदर? शुभवर्तमान सगळं पाठ आहे मला."

ब्रदर पास्कूंनी मान वर केली नाही. ते डुकरांच्या गोठ्यात उकिडवे बसले होते.

"पाठ तर या पिल्लांचीही वर आली आहे, जोकिम. पोटाचं सांग."

जोकिमचे कान तापले. टेकडीवरच्या या मठात येऊन त्याला वर्ष होत आलं होतं. नुकतंच दूध तोडलेली पिल्लं ब्रदरांनी त्याच्या हवाली केली होती. सणाला ती वाडीतल्या घराघरांत वाटायची होती. 'ती वाढव, मग बोलायला जा,' एवढीच अट.

आणि जोकिमनं काय कमी केलं होतं? मक्याचं पीठ, शेंगदाण्याची पेंड, वर मूठभर सुकट. कुंड काठोकाठ.

"खातात की, ब्रदर! कुंड चाटूनपुसून रिकामं करतात."

"कुंड रिकामं होतं... पिल्लू भरतं का?"

पिल्लांचे कणे सुरीसारखे दिसत होते. अंगाला काही लागलं नव्हतं.

"तोंडाकडे काय बघतोस? शेपटीकडे बघ."

जोकिमनं नाक धरून पाहिलं. सगळ्यांच्या शेपट्या भिजलेल्या. त्यातलं एक लांडं, अर्ध्या शेपटीचं पिल्लू कोपऱ्यात आडवं पडलं होतं, डोळे अर्धे मिटून.

"हगवण..." तो पुटपुटला. "पण मी सगळं चांगलंच दिलं."

"हो. चांगलंच दिलंस."

"मग?"

"त्याआधी ती काय खात होती?"

"आईचं दूध."

जोकिमनं नुकतंच भरलेलं कुंड ब्रदरांनी उचललं आणि पलीकडे पिल्लांच्या आईपुढे ओतलं. मग रात्रभर आंबलेली तांदळाची पेज मडक्यातून आणली, तीत चिमूटभर पीठ कालवलं आणि करवंटीच्या पळीनं, डवल्यानं, थोडीथोडी वाढली. पिल्लं तुटून पडली. ती किंचाळत असतानाच ब्रदरांनी मडकं उचललं.

"अहो, अजून भुकेली आहेत ती!"

"आहेत ना?" ब्रदर हसले. "मग दुपारी पुन्हा येतील."

लांडं पिल्लू वाचलं नाही. जोकिमनं माडाखाली खड्डा खणला. त्या दिवशी त्यानं प्रवचनाचा विषय काढला नाही.

मग तोच डवला घेऊन तो दिवसातून कितीदा तरी गोठ्यात जाऊ लागला. वाढायचं थोडं, आणि उचलायचं. पिल्लांच्या शिव्या खायच्या. पीठ वाढवायचं, पण शेपट्या बघून. हळूहळू शेपट्या कोरड्या झाल्या. कणे मांसात बुडाले.

सण आला. पिल्लं वाडीत गेली.

जोकिम पांढरा झगा घालून दारात उभा राहिला.

"ब्रदर... जाऊ?"

"जा की. काय सांगणार आहेस वाडीतल्यांना?"

जोकिमचा चेहरा उजळला.

"सगळं, ब्रदर! आदामापासून सुरू करतो. एकदा सुरुवात केली की..."

ब्रदर उठले. भिंतीवरचा डवला काढला, झग्याच्या टोकाला पुसला आणि जोकिमच्या हातात दिला.

"हा ने बरोबर. आणि माणसं 'अजून' म्हणून ओरडत असतानाच परत ये."