वेस ते राजवाडा, डावीकडून

गोलनगरात गेलं की उजव्या हाताची गाडी धरायची, डाव्या हाताची कधीच नाही, आणि का ते विचारायचं नाही. बोरखेडीच्या मंजुळेला हा नियम भिकोबाकाकांनी पाळण्यात असल्यापासून ऐकवला होता. तिने एकदा विचारलंच, तेव्हा गोदाआत्या म्हणाली, "विचारायचं नाही हेसुद्धा नियमातच आहे."

गोलनगर नावाप्रमाणेच गोल होतं. शहराभोवती एकच गोल रस्ता, त्यावर छपराच्या बैलगाड्या. लोक देवळाला प्रदक्षिणा घालतात त्याच बाजूने फिरत. उलट बाजूच्या गाड्या दिवसभर रिकाम्या धावत, कारण सगळे बैल एकाच दिशेने फिरले तर त्यांना चक्कर येईल, असं राजवैद्याने लिहून दिलं होतं.

राजा चक्रसेनाला तिकिटांचं वेड होतं. उभ्याचं तिकीट वेगळं, बसल्याचं वेगळं, सावलीच्या बाजूचं महाग. छत्रीला अर्धं तिकीट लागे, मिशांना ठरावीक लांबीनंतर पूर्ण. सगळ्यात मोठा होता महापास. त्यात कायम बंद असलेल्या संग्रहालयाचं दर्शन, अर्धं केळं आणि राजाच्या हत्तीला दुरून नमस्कार एवढं सगळं मिळे. शहर बघायला येणारी वडीलधारी मंडळी महापासच घेत आणि केवढा फायदा झाला म्हणत अर्धं केळं खात घरी जात.

ज्या गावाला आपल्या वेशीपर्यंत गाडी हवी असेल, त्याच्यासाठी राजाने एक पैज ठेवली होती. सगळ्यात लहान तिकिटावर अख्खं शहर पाहून दाखवायचं. पायी चालायचं नाही, फुकट बसायचं नाही. जिंकलात तर गाडी. हरलात तर गावातल्या प्रत्येकाने जन्मभर महापासच घ्यायचा. आता सगळ्यात लहान तिकीट शेजारच्या थांब्यापुरतंच मिळे, त्यामुळे आजवर कोणी जिंकलं नव्हतं. एका गावाने आपला सर्वांत उंच माणूस गाडीत आडवा ठेवून पाठवला. डोकं पुढच्या थांब्यावर पोचलं तरी तिकीट पायांचंच धरावं, असं त्यांचं म्हणणं होतं. राजाने डोक्याचं वेगळं तिकीट फाडलं.

मंजुळेला गोलनगरच्या पाठशाळेत शिकायचं होतं. रोज एवढा डोंगर पायी उतरणारी मुलगी आमच्या घरात नको, गाडी आली तर खुशाल जा, असं काकांनी सांगितलं होतं. गाडी कधी येणार नाही, याची त्यांना पक्की खात्री होती. म्हणून मंजुळा भर दरबारात उठून पैज मारून आली, तेव्हा काकांचा अर्धा पानविडा तोंडातच राहिला.

गोलनगरच्या वेशीच्या थांब्यावर तिने तिकीट मागितलं, वेस ते राजवाडा. राजवाडा वेशीला लागूनच, अगदी पुढचा थांबा. काकांनी कपाळाला हात लावला. ते आणि आत्या महापास घेऊन उजव्या हाताच्या गाडीत बसले, दोन उसासे टाकले तोवर राजवाड्याशी उतरले. मंजुळा मात्र गाडीत नव्हतीच.

राजा पायऱ्यांवर लोडाला टेकून वाट पाहत होता. ऊन चढलं, उतरलं. पोरीने तोंड काळं केलं असणार, असं आत्याने जाहीर केलं. काका हात जोडून म्हणाले की महाराज, आम्ही हरलो, सगळं गाव महापास घेईल. त्यांनी अंगठा शाईत बुडवला, तेवढ्यात उलट्या बाजूने घुंगरं वाजली. एक रिकामी गाडी येऊन थांबली. अगदीच रिकामी नव्हती. आतून मंजुळा उतरली आणि तिने तिकीट पुढे केलं.

"डाव्या हाताची गाडी?" काका ओरडले. "घराण्याचं नाव घालवलंस."

"अख्खं शहर पाहिलं," मंजुळा राजाला म्हणाली. "वेशीत चढले, राजवाड्याला उतरले. तिकीट तेवढ्याचंच आहे."

"पण तू पूर्ण वळसा घालून आलीस," राजा म्हणाला.

"बैल आले, महाराज. मी नुसती बसले होते."

"एका थांब्याच्या तिकिटावर?"

"कुठे चढायचं आणि कुठे उतरायचं, एवढंच तुमचं तिकीट सांगतं. बैलांनी कोणत्या बाजूने जावं, ते सांगत नाही. तिकिटात चूक आहे असं तुम्ही म्हणा, मी आत्ता हरले."

आपल्या तिकिटात चूक नसते, असं राजाने वेशीवर दगडात कोरून घेतलं होतं. त्याने मिशी ओढली, मग दुसरी ओढली.

"खरंच सगळं पाहिलंस कशावरून? चौकातला माझा पुतळा कसा आहे?"

"पुढून रुबाबदार आहे. मागून केलेलाच नाही."

"म्हणजे?"

"मागे नुसता दगड आहे, महाराज. त्या बाजूने कोणी जात नाही, म्हणून शिल्पकाराने काम सोडून दिलं. तुमच्या पाठीत कबुतरं राहतात."

राजाने हळूच आपल्या पाठीवरून हात फिरवला. मग तो असा हसला की लोड घरंगळून पायऱ्या उतरला आणि त्यामागोमाग राजाही. खाली बसूनच त्याने हुकूम सोडला की उद्यापासून गाडी बोरखेडीपर्यंत जाईल. गळ्यातला सोन्याचा पास काढून त्याने पुढे धरला. हा दाखवला की कुठेही, कोणत्याही बाजूने, जन्मभर.

बक्षीस घरातल्या कर्त्या पुरुषाने घ्यायचं, अशी बोरखेडीची रीत. काकांनी शाईचा अंगठा धोतराला पुसून हात पुढे केला. पोरीची जात, कुठे हरवून बसेल, पास घरात माझ्याकडे राहील, पाठशाळेचंही मग सवडीने बघू, असं ते राजाला समजावू लागले. आत्या मान डोलावत होती.

मंजुळेने पास उचलून स्वतःच्या गळ्यात घातला.

"नाही काका. हा मी देणार नाही, आणि पाठशाळेत उद्याच जाणार. तुम्हाला कुठे जायचं असेल तर तिकीट काढा."

काकांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने बैलाकडे पाहिलं.